चार डॉक्टरांच्या गोळ्या, एकत्र हिशोब कोणाकडे? क्लिनिकल फार्मासिस्टबद्दल इंदूरकरांना प्रश्न

सुमेधा_लोकमान्यनगर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

लोकमान्य नगर म्हणा, रामबाग म्हणा, सुदामा नगर म्हणा, आपल्या कुठल्याही मराठी घरात जा. मुले पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी, आणि घरात सत्तरीपुढचे दोघे. फ्रीजवर गोळ्यांचा डबा. बीपीची गोळी हृदयाच्या डॉक्टरांची, शुगरची दुसऱ्यांची, गुडघ्याची हाडांच्या डॉक्टरांची, आणि जळजळ होते म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली एक पट्टी, जी सुरू कधी झाली ते कुणालाच आठवत नाही. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी उत्तम. पण या सगळ्या पर्च्या एका टेबलावर पसरून कुठली गोळी कशासाठी, कुठली कुणाशी भांडते, कुठली आता नको, हे बघणार कोण?

माझे मत असे की हे काम क्लिनिकल फार्मासिस्टचे, म्हणजे औषधे विकण्याऐवजी रुग्णाची औषधे तपासणाऱ्या जाणकाराचे आहे, आणि ते फक्त मोठ्या हॉस्पिटलात न होता आपल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात व्हायला हवे. बीपी, शुगर, दमा, थायरॉइड ही सगळी वर्षानुवर्षांची दुखणी आहेत. त्यांत निदान एकदा होते, औषध मात्र रोज घ्यायचे असते. मग औषधाचा जाणकार त्या रोजच्या कामात कुठेच का नाही?

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर धरले आहेत. एवढी माणसे एकट्या डॉक्टरांनी सांभाळायची, हे मला पटत नाही.

विचारायचे हे की इंदुरात किंवा इतर कुठे कुणाला असा अनुभव आहे का? इथे डॉक्टर आहेत, दुकानवाले आहेत, त्यांनीही मोकळेपणाने लिहावे.

रामबागचा_बाळ

आमच्या घरी हे खाते आजीकडे आहे. डब्यावर टिकल्या चिकटवल्यात, लाल टिकली बीपी, हिरवी शुगर, पिवळी "आजोबा चिडले तर". तिसरी कुठली गोळी आहे ते आजवर कुणाला कळलेले नाही.

सुमेधा_लोकमान्यनगर

बाळ, हसले खूप, पण ती पिवळी टिकलीवाली पट्टी एकदा उलटून नाव वाच बरे.

मल्हारगंज_मेडिकल

सुमेधाताई, मी दुकानवाला. दवा बाजारातून माल उचलतो, मल्हारगंजात बसतो. बी.फार्म. आहे. भिंतीवरचे सर्टिफिकेट माझेच आहे आणि त्याखाली मीच उभा असतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण सर्टिफिकेट एकाचे आणि काउंटरवर भलताच, अशी दुकाने सगळ्यांनी पाहिली आहेत. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे आणि औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या नजरेखालीच द्यायचे असते. तेवढे जरी सगळीकडे पाळले ना, तरी निम्मी गडबड थांबेल.

आता तुमच्या प्रश्नाचे. मला येते सगळे, बोलायची इच्छाही आहे. पण गणित ऐका. किंमत-नियंत्रणातल्या औषधावर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन. त्यात भाडे, वीज, फ्रीज, दोन पोरांचा पगार. समोर ऑनलाइनवाले मोठमोठी सूट देऊन राहिले. एखाद्या आजींशी वीस मिनिटे बोललो तर मागे रांग ओरडते. आणि पैसे मिळतात ते पट्टीचे, बोलण्याचे नाहीत. घर चालवायचे तर पट्ट्या जास्त विकायला हव्यात, आणि चांगला सल्ला द्यायचा तर कितीदा तरी सांगावे लागते, "काकू, ही एक गोळी डॉक्टरांना विचारून बंद करता येते का बघा." एकाच माणसाने ही दोन्ही कामे प्रामाणिकपणे करायची कशी?

म्हणून माझे मत तुमच्याच बाजूचे आहे, फक्त तो माणूस विक्रीच्या काउंटरमागे नको. दवाखान्यात हवा, ज्याचा पगार पट्ट्यांवर ठरत नाही.

गोळीमागची_गोष्ट

दादांनी नेमकी नस पकडली. मी फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) आहे, इंदूरचीच. हा अभ्यासक्रम आपल्याकडे २००८ पासून आहे, सहा वर्षांचा, त्यातले शेवटचे वर्ष पूर्ण इंटर्नशिप. आम्ही वॉर्डात डॉक्टरांबरोबर राउंड घेतो, रुग्णाची औषधांची जुनी-नवी यादी जुळवतो, मात्रा किडनीच्या रिपोर्टप्रमाणे आहे का पाहतो. शिकवतात ते हेच. बाहेर पडल्यावर मात्र दवाखान्यांत आमच्यासाठी खुर्ची नसते. बरोबरच्या कितीतरी जणी कंपन्यांमध्ये दुष्परिणामांच्या नोंदी भरायच्या कामाला लागल्या, काही परदेशी गेल्या. शिकलो होतो रुग्णासमोर बसायला.

यादी जुळवताना काय सापडते ते सांगते, म्हणजे ताईंचा प्रश्न हवेतला वाटणार नाही.

अॅम्लोडिपिन ही बीपीची फार चांगली, स्वस्त गोळी. पण काहींच्या घोट्यांना तिने सूज येते. सूज बघून कुणीतरी दुसरीकडे लघवीची गोळी लिहून घेतात. तिने रात्री तीनदा उठणे आले, पोटॅशियम उतरले, अंधारात पाय घसरला, कंबर गेली. मग कंबरेसाठी डायक्लोफिनॅक, आणि त्याने बीपी परत वर. एका गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजून दुसरी, दुसरीचा तिसरी. ही साखळी कुठे सुरू झाली ते प्रत्येक डॉक्टरला दिसत नाही, कारण प्रत्येकासमोर तिची एकच कडी येते.

किंवा हे बघा. हृदयाच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन (हेही बीपीचेच औषध) आणि अॅम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी दिली. घरात आधीची साधी अॅम्लोडिपिन सुरूच. ब्रँडची नावे वेगळी, डबे वेगळे, आत औषध तेच. आजोबा उठताना चक्कर येते म्हणतात आणि सगळे म्हणतात वय झाले.

सगळ्यात जास्त जपायला हवे ते मिश्रण म्हणजे टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी, सोबत लघवीची गोळी, आणि वर दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन. तिन्ही मिळून किडनीला चांगलाच दणका देतात, विशेषतः उन्हाळ्यात किंवा जुलाब लागले असताना. यातली पहिली दोन डॉक्टर लिहितात, तिसरी माणूस स्वतः काउंटरवरून घेतो.

कृपा करून हे वाचून कुणी आपली गोळी आपणच बंद करू नका. यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.

स्नेहलता_शेजारीण

बाई गं. घोट्याची सूज, लघवीची गोळी, रात्रीचे उठणे... आमच्या सासूबाईंचेच लिहिलेत जणू. उद्याच नंबर लावते.

ग्वाल्हेरचा_मास्तर

सर्वांना नमस्कार. माझे मत थोडे उलटे आहे.

डॉक्टरांनी औषध लिहायचे, फार्मासिस्टने द्यायचे, रुग्णाने घ्यायचे. यात चौथा माणूस घातला की चौथी फी आली. आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जुने वैद्य-डॉक्टर घरातल्या तीन पिढ्यांची नाडी ओळखत. आज डॉक्टर तीन मिनिटे देतात हा खरा रोग आहे. त्यावर इलाज डॉक्टरांनी पंधरा मिनिटे देणे हा आहे. त्यांच्या घाईची भरपाई दुसऱ्याच्या पगारातून कशाला? आणि दोन तज्ज्ञांनी दोन गोष्टी सांगितल्या तर म्हाताऱ्या माणसाने कुणाचे ऐकायचे?

लीड्सवासी_इंदूरी

मास्तर, तुमची शेवटची शंका अगदी रास्त आहे, आणि तिचे उत्तर रचनेत आहे. मी इथे इंग्लंडमध्ये जीपी प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, फार्मासिस्ट म्हणून काम करते, मूळची नारायण बागेतली. आम्ही डॉक्टरांपासून वेगळे बसत नाही. तीच फाइल, तोच संगणक, तेच रिपोर्ट. मी केलेला बदल डॉक्टरांना त्याच पानावर दिसतो. दोन मते असलीच तर ती आमच्या खोलीत मिटतात, रुग्णापर्यंत एकच जाते.

इथे एनएचएस इंग्लंडने (इथल्या सरकारी आरोग्यसेवेने) २०१५ मध्ये जीपी दवाखान्यांत क्लिनिकल फार्मासिस्ट बसवायचा प्रायोगिक कार्यक्रम केला. २०१९ च्या करारानंतर आसपासचे दवाखाने मिळून साधारण ३० ते ५० हजार लोकवस्तीची जाळी झाली, आणि त्या जाळ्यांना फार्मासिस्टच्या पगाराचे पैसे सरकारकडून मिळू लागले. म्हणजे रुग्णाला चौथी फी नाही. जास्तीचे प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट २००६ पासून इथे स्वतः औषध लिहू शकतात.

माझा सोमवार असा असतो. हॉस्पिटलातून घरी सोडलेल्या माणसांची पत्रे आधी. आत काय बदलले, घरी काय चालू होते, दोन्ही जुळवायचे. मग फोन, "आजी, जुना डबा अजून भरताय का?" बहुतेक वेळा भरत असतात. दुपारी बीपीचे रुग्ण. घरी मोजलेले आकडे बघून मात्रा वाढवणे, दोन-तीन आठवड्यांनी किडनीचा रिपोर्ट मागवणे. आणि ज्यांच्या गोळ्या दहाच्या वर आहेत त्यांच्यासाठी अर्धा तास राखून सगळ्या औषधांचा सावकाश आढावा. त्यातला मोठा वेळ ऐकण्यात जातो. माणसे डॉक्टरांसमोर "हो, घेतो" म्हणतात आणि माझ्यासमोर सांगतात की ती गोळी घेतली की लग्नाला जाता येत नाही, सारखे बाथरूमला पळावे लागते.

इथे सगळे सुरळीत आहे असे नाही. कुठेकुठे फार्मासिस्टला कागदपत्रांत गाडून टाकतात, आणि सुरुवातीला त्याला शिकवण्यात डॉक्टरांचा वेळ वाचण्याऐवजी जातो. तो काळ सोसावा लागतो.

डॉक्टर_काका_परदेशीपुरा

एमबीबीएस करून परदेशीपुऱ्यात दवाखाना चालवतो. धागा वाचला, थोडे खरे बोलतो.

मास्तर म्हणतात पंधरा मिनिटे द्या. मलाही द्यायची आहेत. बाहेर तापाची चार मुले बसलेली असताना बीपीवाले काका येतात, १५४ दाखवतात आणि म्हणतात, "आज जिना चढून आलो म्हणून." मी म्हणतो पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात १५२, कारण काल लग्नात जेवले. असे वर्ष निघते. औषध वाढवायला हवे हे कळत असून वाढत नाही, आणि हे माझ्या एकट्याच्या दवाखान्यापुरते नाही, जगभर नोंदलेले आहे. या एका कामासाठी तरी मला दवाखान्यात फार्मासिस्ट हवा. पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकवून, दंड उघडा ठेवून बीपी मोजणारा, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे "डॉक्टर, आता वाढवू या" म्हणून मला टोकणारा.

माझी काळजी वेगळी आहे. आपल्याकडे फार्मासिस्टला औषध लिहायचा किंवा चिठ्ठीतले औषध मला न विचारता बदलायचा अधिकार नाही, आणि आज तो देऊही नये असे मला वाटते. काउंटरवरून "हे घ्या, तेच आहे" म्हणत भलतेच दिलेले मी पाहिले आहे. रुग्ण माझ्याकडे परत येतो तेव्हा रक्तातली साखर ५० वर असते. उद्या कुणी पांढरा कोट घालून "औषध आढावा केंद्र" उघडले आणि पाठीमागे स्वतःच्याच दुकानातून माल विकला, तर ते फार महागात पडेल.

गोळीमागची_गोष्ट

डॉक्टरकाका, तुमच्याशी शंभर टक्के सहमत, आणि लिहायचा अधिकार आम्ही मागतही नाही आहोत. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ मध्ये जे आधीच लिहिलेले आहे ते करायची जागा हवी. चिठ्ठी तपासणे, औषधाचे नाव, मात्रा, कसे घ्यायचे, काय त्रास होऊ शकतो, कसे ठेवायचे, एखादी वेळ चुकली तर काय करायचे, हे रुग्णाला समजावून सांगणे. आणि शंका आली तर लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन. एवढेच रोज, नीट, प्रत्येक बीपी-शुगरवाल्यासाठी झाले तर?

रामबागचा_बाळ

अपडेट : पिवळी टिकली म्हणजे झोपेची गोळी निघाली. आजोबांना हॉस्पिटलात असताना आठ दिवसांसाठी दिली होती. ते हॉस्पिटल होऊन दिवाळ्या गेल्या.

डॉक्टर_काका_परदेशीपुरा

बाळ, एकदम बंद करू नकोस. फार दिवस चाललेली झोपेची गोळी हळूहळू उतरवावी लागते. आजोबांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि तोवर रात्री बाथरूमपर्यंत दिवा चालू ठेवा.

बडोदेकरीण

मी दांडिया बाजारातली, माहेर इंदूर, म्हणून डोकावते इथे.

अनुभव विचारलात तर हा घ्या. आमच्या मामींची शुगर काही केल्या तीनशेच्या खाली येईना. इन्सुलिन वाढवून वाढवून डॉक्टर थकले. मामींवर सगळ्यांचा संशय, चोरून गोड खातात. मामी रडकुंडीला. शेवटी एका हॉस्पिटलातल्या फार्मासिस्ट मुलीने सांगितले, "आजी, घरी जसे टोचता तसे मला करून दाखवा." मामींनी पिशवीतून बाटली काढली, सिरिंज काढली. बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची (हे आकडे एका मिलिलिटरमधल्या युनिटांचे). मेडिकलमध्ये लाल टोपीची संपली म्हणून केशरी टोपीची दिलेली, आणि मामी आकडा तोच भरायच्या. म्हणजे दहा युनिट टोचले असे वाटायचे, अंगात जायचे चार. सिरिंज बदलली, मात्रा डॉक्टरांनी परत खाली आणली, शुगर ताळ्यावर.

"करून दाखवा" हे तोवर कुणी म्हटलेच नव्हते. मामींना त्या मुलीचे नाव आजही पाठ आहे.

गोळीमागची_गोष्ट

ताई, ही गोष्ट मी सगळ्यांना सांगणार आहे. उलटे झाले तर आणखी धोक्याचे. पेनच्या कार्ट्रिजमधले इन्सुलिन १०० चे असते. ते कुणी ४० च्या सिरिंजने ओढले तर अडीच पट जाते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. इनहेलरचेही तसेच, "घेतो मी" म्हणणाऱ्यांतले किती तरी जण तोंडातच फवारतात, छातीत काही पोचत नाही. स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) लावून दिला आणि स्टेरॉइडचा इनहेलर असेल तर नंतर चूळ भरायला शिकवले, की औषध न वाढवता दमा सुधारतो.

छप्पन_दुकान

विषयाला सोडून विचारतो, रागावू नका. रविवारी पोहे-जलेबी चालते का शुगरवाल्याला?

डॉक्टर_काका_परदेशीपुरा

पोह्यांवर शेव कमी, दाणे जास्त, आणि जलेबी शेजाऱ्याला. पण मला इंदुरात डॉक्टरकी करायची आहे म्हणून याहून जास्त कडक बोलत नाही.

स्नेहलता_शेजारीण

जलेबीपेक्षा उपास जास्त त्रास देतात. आमच्याकडे चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, सगळे. सासूबाई सकाळी शुगरची गोळी घेतात आणि चंद्रोदयापर्यंत काही खात नाहीत. एकदा हात थरथरायला लागले, घाम सुटला.

लीड्सवासी_इंदूरी

ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर हे व्हायचेच. पोटात काही नसले तरी ती साखर उतरवतच राहते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची शुगरची गोळी असेल तर निर्जळी उपासात आणखी वेगळी जोखीम. म्हणून उपासाच्या आधीच डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची मात्रा आणि वेळ ठरवायची. थरथर, घाम आला की लगेच साखरेचे पाणी, चंद्राची वाट बघायची नाही. माझ्याकडे इथे रमजानच्या आधी मुस्लिम रुग्णांसाठी हीच बैठक होते. आपल्या चातुर्मासाआधी इंदूरच्या दवाखान्यांत का होऊ नये?

सांवेरची_सीएचओ

मी सांवेर भागात आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, कम्युनिटी हेल्थ ऑफिसर (सीएचओ) आहे. सगळी चर्चा शहराची चालली आहे म्हणून लिहिते.

आमच्याकडे तिशीपुढच्या सगळ्यांचे बीपी-शुगर तपासणे हे ठरलेले काम. आशाताई घरोघर फॉर्म भरतात, सापडलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू होतात, महिन्याच्या महिन्याला इथूनच मिळतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात मध्य प्रदेश सुरुवातीच्या राज्यांत होता. त्याची पद्धत साधी : ठरलेली मोजकी औषधे, ठरलेल्या पायऱ्या, गावाजवळ पुरवठा, आणि डॉक्टरांबरोबर बाकीच्या टीमनेही काम वाटून घेणे. १४०/९० च्या खाली आणायचे, नाही आले तर पुढची पायरी. म्हणजे तुम्ही जे मागताय त्याचा पाया सरकारी व्यवस्थेत घातलेला आहे.

पण दोन ठिकाणी अडते. एक, माणसे गोळी सोडतात. "मॅडम, बीपी नॉर्मल आला, आता कशाला?" गोळीमुळे नॉर्मल आहे हे समजावण्यात माझा अर्धा दिवस जातो. दुसरे, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) फार्मासिस्टचे पद असते, पण तो बिचारा साठ्याचे रजिस्टर, इंडेंट, एक्स्पायरी, खिडकीवरची रांग यांतून डोके वर काढू शकत नाही. त्याला हे सगळे येते. त्याच्या हातून रजिस्टर काढून घेणारा एक मदतनीस द्या, आणि तो रुग्णांशी कसा बोलतो बघा. नवीन पद कधी निर्माण होईल तेव्हा होईल. जो माणूस आज आहे त्याला मोकळा करणे आपल्या हातात आहे.

मल्हारगंज_मेडिकल

ताई, सलाम. हेच मी दुकानाबद्दल म्हणत होतो.

ग्वाल्हेरचा_मास्तर

सांवेरच्या ताईंचे म्हणणे मान्य. सरकारी जागी असेल तर फीचा प्रश्न नाही. खाजगीत मात्र माझा आक्षेप कायम.

आणि गोळी सोडण्याबद्दल म्हणाल तर मी त्यातला नाही. रोज पहाटे पाचला सगळ्या गोळ्या एका घोटात, थायरॉइड, कॅल्शियम, बीपी, एकही दिवस खाडा नाही.

गोळीमागची_गोष्ट

मास्तर, थायरॉइड आणि कॅल्शियम एकत्र?

ग्वाल्हेरचा_मास्तर

हो. दोन्ही सकाळी लिहिल्या आहेत. थायरॉइडचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे.

गोळीमागची_गोष्ट

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून निदान चार तास लांब. नाहीतर कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवते, ती रक्तात पुरेशी जात नाही. तुमचा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वाढलेला येतो का? मात्रा वाढवत न्यावी लागली का?

ग्वाल्हेरचा_मास्तर

दोनदा वाढवली आहे. आता डॉक्टरांना दोन्ही पर्च्या एकत्र नेऊन दाखवतो. आभारी आहे.

फीबद्दलचे मत तरीही बदललेले नाही, हे नोंदवून ठेवतो.

डॉक्टर_काका_परदेशीपुरा

मास्तर, वेळ बदलल्यावर मात्रा जास्त ठरू शकते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करा. धडधड वाटली तर आधीच दाखवा.

लीड्सवासी_इंदूरी

फीच्या मुद्द्यावर एक उदाहरण. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये केशकर्तनालयांत एक प्रयोग झाला, २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ५२ दुकाने, बीपी न आटोपणारे ३१९ कृष्णवर्णीय पुरुष. अर्ध्या दुकानांत फार्मासिस्ट जाऊन, डॉक्टरांशी झालेल्या कराराखाली, तिथल्या तिथे औषध ठरवायचे. उरलेल्यांत न्हाव्याने फक्त राहणी सुधारायला आणि डॉक्टरांकडे जायला सांगायचे. सहा महिन्यांनी वरचा आकडा पहिल्या गटात २७ ने उतरला, दुसऱ्यात ९ च्या आसपास. माणूस जिथे विश्वासाने बसतो तिथे औषधाचा जाणकार पोचला की काय होते, त्याचा हा पुरावा आहे. झटका किंवा पक्षाघात झाल्यावर हॉस्पिटलचे बिल किती येते ते आपण सगळे जाणतो, त्यापुढे फार्मासिस्टचा पगार ठेवून बघा.

छप्पन_दुकान

आमच्या सलूनमध्ये भियाने बीपी मोजला तर सगळ्यांचा वाढलेलाच येईल, तिथे चोवीस तास क्रिकेटवर भांडण चालू असते.

स्नेहलता_शेजारीण

चूर्ण-काढ्यांचे काय? सासूबाई सांधेदुखीसाठी एका ओळखीच्या माणसाकडून पुड्या आणतात. दोन दिवसांत आराम पडतो म्हणतात.

गोळीमागची_गोष्ट

इतक्या झटपट आराम पडणाऱ्या, लेबल नसलेल्या पुडीत स्टेरॉइड किंवा दुखण्याची गोळी कुटून घातलेली असू शकते. शुगर आणि बीपी दोन्ही त्याने चढतात. पुडीही यादीत लिहा, लपवू नका. फार दिवस घेत असतील तर अचानक थांबवण्याआधी डॉक्टरांना सांगा. कुठल्याही औषधाचा दुष्परिणाम वाटला तर तो कळवायला सरकारचा मोफत क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतःही कळवू शकतो, फार थोड्यांना हे माहीत असते.

सुमेधा_लोकमान्यनगर

किती काय काय आले! सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते. कायदा बदलेल, पदे निघतील, तोवर आपले आई-वडील थांबू शकत नाहीत. आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये एका रविवारी सकाळी बसता येईल का? डॉक्टरकाका, तुम्ही आणि "गोळीमागची गोष्ट", दोघे एका टेबलाशी. विक्री काहीच नाही. येणाऱ्याने घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या, पर्च्या आणि अलीकडचे रिपोर्ट एका पिशवीत घालून आणायचे. एकेकाला अर्धा तास. यादी एका कागदावर, आणि काही बदलायचे सुचले तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी.

गोळीमागची_गोष्ट

मी येते. माझ्या दोन मैत्रिणींनाही आणते. अर्ध्या तासाच्या हिशोबाने सकाळी पंधराच्या वर माणसे घेऊ नका, घाई झाली तर बसण्याचा उपयोग नाही. ज्यांच्या गोळ्या पाचच्या वर आहेत किंवा जे नुकते हॉस्पिटलातून आलेत त्यांना आधी.

डॉक्टर_काका_परदेशीपुरा

मीही येतो. मात्र चिठ्ठीवर सही माझी असेल आणि त्या-त्या डॉक्टरांना मी स्वतः फोन करेन. सहव्यावसायिकांना कागदावरून कळलेले आवडत नाही. दोन महिन्यांनी त्याच माणसांना परत बोलवायचे, नाहीतर काय बदलले ते कळणार कसे?

रामबागचा_बाळ

आजोबांचे नाव पहिले लिहा. टिकल्यांचा डबा तसाच उचलून आणतो.

सांवेरची_सीएचओ

आमच्या पीएचसीच्या फार्मासिस्ट भाऊंना विचारले, ते म्हणाले रविवार आहे तर नक्की येतो, रजिस्टरशिवाय माणसांशी बोलायला मिळेल.

मल्हारगंज_मेडिकल

मी दुकानातून काही आणणार नाही, कबूल. बीपीचे मशीन तेवढे आणतो, आणि मोठा पट्टाही. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा उगाच वर दाखवतो आणि बिनकामाची गोळी वाढते. चहा कुणी ठेवू नका, निदान बीपी मोजून होईपर्यंत.